मोडलेलें हाड स्वतः सांगेल काय?

आषाढ लागून परसदारीं शेवाळ चढूं लागलें, कीं आमच्या पनवेल गांवीं हाडांच्या डॉक्टरांकडील गर्दी वाढूं लागते. कोणी विहिरीच्या कट्ट्यावरून घसरतें, कोणी न्हाणीघराच्या उंबऱ्यास अडखळतें, तर कोणी ओल्या जिन्यावरून सरळ खालच्या पायरीवर येऊन बसतें. त्यांत भर महामार्गांची. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा खुला झाला व त्याचें मुंबईकडील तोंड कळंबोलीस, म्हणजे आमच्या वेशीशींच आहे; गोव्याकडे जाणारा रस्ताही येथूनच दक्षिणेस वळतो. तेव्हां मोडलेलें हाड ही वस्तु पनवेलकरांस नवी नाहीं. परंतु हाड मोडल्यावर तें बसविणें हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा, आणि घरच्या मंडळींस अधिक छळणारा भाग, एका साध्या प्रश्नांत सामावलेला आहे : तें हाड आंतून खरोखर जुळलें कीं नाहीं, आणि त्यावर भार केव्हां द्यावा?

या प्रश्नाचें उत्तर त्या हाडाकडूनच मिळवावें, अशी एक युक्ति शास्त्रज्ञांनीं काढिली आहे. तिची हकीकत वाचकांस सांगावी हा आजच्या लेखाचा उद्देश. पण आम्ही या विषयाकडे वळलों तो ग्रंथ वाचून नव्हे, तर स्वतःच्या घरांत हात पोळल्यामुळें. म्हणून तें आधीं सांगतों.

आमच्या घरची गोष्ट

तीन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत आमच्या थोरल्या काकू परसांत तुळशीस पाणी घालावयास गेल्या आणि घसरून पडल्या. वय ६६. गुडघ्याच्या वर चार बोटें, मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, हाडाच्या कडेनें धातूची पट्टी व तींतून स्क्रू बसविले. डॉक्टरांनीं सांगितलें, "सहा आठवडे पाय जमिनीस टेकवावयाचा नाहीं." काकूंनीं तें अक्षरशः पाळलें. सहा आठवड्यांनीं क्ष-किरणांचा फोटो काढला, तो पाहून डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडें थांबूं." बाराव्या आठवड्यास पुन्हां फोटो. या खेपेस ते म्हणाले, "नवें हाड धरूं लागलेलें दिसतें. आतां हलके हलके भार द्यावयास हरकत नाहीं."

आतां "हलके हलके" म्हणजे किती? येथून आमच्या घरांत मतभेद सुरू झाला. धाकट्या काकूंचें म्हणणें, वर्षभर तरी जपावें. आमचे एक चुलतबंधु यंत्रशास्त्र शिकलेले, ते म्हणाले, "पट्टी धातूची आहे, हत्तीचा भार पेलील." शेजारच्या आजोबांनीं कांडवेलीचा काढा सुचविला. आणि आम्ही? आम्ही सर्वांत उतावळे. दिवाळी तोंडावर आली होती, काकूंचा पाय आखडत चालला होता, त्यांचें मनही खचत होतें. आम्हींच रोज सकाळीं त्यांच्यापुढें काठी धरून म्हणत असूं, "काकू, उठा, आज ओटीपर्यंत चला." त्या बिचाऱ्या उठत, ओठ आवळून चालत. "दुखतें रे आंतून" असें एकदोनदां म्हणाल्या, तर आम्हींच उत्तर दिलें, "इतक्या दिवसांनीं चाललें म्हणजे दुखायचेंच."

माघ महिन्यांत एके सकाळीं माजघरांतून ओटीवर येतांना, न घसरतां, न पडतां, काकूंच्या पायांत "टक्" असा आवाज झाला आणि त्या खालीं बसल्या. फोटोंत दिसलें कीं पट्टीच दुभंगली होती. हाड जुळलेंच नव्हतें; इतके दिवस सारा भार एकटी पट्टी वाहत होती. दुसरी शस्त्रक्रिया झाली, कमरेच्या हाडाचा कीस काढून त्या फटींत भरावा लागला, आणि आणखी नऊ महिने गेले. दवाखान्यांतील खाटेवर पडल्या पडल्या काकू आम्हांस म्हणाल्या, अगदीं न रागावतां म्हणाल्या, "अरे, तुम्ही सगळ्यांस विचारलेंत. माझ्या हाडास मात्र कोणी विचारलें नाहींत."

हें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. हाडास विचारण्याचा कांहीं उपाय आहे काय, याचा शोध आम्ही घेऊं लागलों तो तेव्हांपासून.

प्रश्न जुना आहे

"किती दिवस लागतील?" हा प्रश्न सुश्रुताच्या काळींही रोगी विचारीतच असले पाहिजेत. सुश्रुतसंहितेंत मोडलेल्या हाडांच्या निदानास व चिकित्सेस स्वतंत्र अध्याय दिले आहेत. मोडण्याचे बारा प्रकार व सांधा निखळण्याचे सहा प्रकार त्यांत सांगितले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस इत्यादि झाडांच्या साली व वेळूच्या कांबी यांनीं अंग बांधण्याची रीत दिली आहे. आणि बांधलेलें पुन्हां केव्हां सोडून पाहावें तें ऋतूप्रमाणें ठरवून दिलें आहे. मुदतीविषयीं सुश्रुताचें गणित असें कीं, तरुणपणीं सांधण्यास एक महिना लागला तर मध्यम वयांत दुप्पट व वृद्धपणीं तिप्पट लागतो. आणि हाड जुळल्याची खूण कोणती? अवयव आंखूड झालेला नसावा, जागा उंचावलेली नसावी, आणि तो सुखानें आखडतां-पसरतां यावा.

या विषयाचें पनवेलीशीं एक नातें आहे तेंही येथें नमूद करणें योग्य होईल. आयुर्वेदीय औषधें कारखान्यांत तयार करण्याचा उद्योग ज्या थोड्या ठिकाणीं आरंभीं उभा राहिला, त्यांपैकीं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं स्थापन केलेला श्रीधूतपापेश्वर हा कारखाना आमच्या पनवेलचाच. जिला आपण कांडवेल म्हणतों व ग्रंथांत जी अस्थिसंहारी म्हणून येते, ती चौधारी वेल आमच्याकडील जुन्या मंडळींस लहानपणापासून ठाऊक असते. परंतु औषध घेतलें वा न घेतलें, आंत हाड किती घट्ट झालें हें बाहेरून कळण्याची अडचण होती तशीच राहिली.

१८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लाविला आणि मनुष्यास प्रथमच जिवंत शरीरांतील हाड डोळ्यांनीं दिसूं लागलें. हा उपकार केवढा मोठा, हें सांगावयास नको. परंतु त्याची मर्यादाही ध्यानांत ठेविली पाहिजे. हाड मोडलें म्हणजे प्रथम त्या जागीं रक्त गोठतें. पुढें दोनतीन आठवड्यांत तेथें मऊ, कूर्चेसारखा पदार्थ भरूं लागतो. मग त्यांत चुना सांठून तो कठीण होतो. आणि अखेरीस महिनोन् महिने, कित्येकदां वर्षें, त्या ओबडधोबड गांठीची घडण होऊन पूर्ववत् हाड बनतें. क्ष-किरणांस यांतील चुना तेवढा दिसतो. मऊ अवस्थेंत काय चाललें आहे तें फोटोंत जवळजवळ उमटत नाहीं. आणि चुना दिसला तरी ती गांठ भार पेलण्याइतकी ताठ झाली आहे कीं नाहीं, हें सावलीवरून निश्चयानें सांगतां येत नाहीं. शिवाय पुष्कळदां धातूची पट्टीच फटीच्या आड येते. फोटो हा एका क्षणाचा असतो. दोन फोटोंच्या मधल्या सहा आठवड्यांत काय घडलें, त्याची हकीकत तो सांगत नाहीं.

टेकूची उपमा

आतां हाडास विचारावयाचें तें कसें? यासाठीं आधीं पट्टीचें काम काय, तें समजून घेऊं. जुन्या वाड्याची भिंत खचली म्हणजे ती दुरुस्त होईपर्यंत आपण तुळईखालीं लाकडी टेकू देतों. भिंत नवी बांधीत असतां सारा भार टेकूवर असतो. चुना वाळून भिंत जसजशी भार घेऊं लागते, तसतसा टेकू सैल होऊं लागतो, आणि शेवटीं तो हातानें हलवितां आला कीं गवंडी म्हणतो, "आतां काढा." भिंतीच्या आंत काय चाललें आहे तें गवंड्यास दिसत नाहीं, परंतु टेकूवरचा भार त्यास सर्व सांगतो.

पायांतील पट्टीची गोष्ट तंतोतंत अशीच आहे. आरंभीं प्रत्येक पावलागणिक पट्टी किंचित् वांकते. हा वांक डोळ्यांस दिसण्यासारखा नसतो. परंतु सूक्ष्म मापकास तो मोजतां येतो. फटींतील गांठ जसजशी ताठ होते, तसतसा भार तिच्याकडे जातो व पट्टीचा वांक कमी होत जातो. तेव्हां पट्टीवर एखादा संवेदक, म्हणजे ताण टिपणारें इवलेंसें साधन, बसविलें आणि आठवड्यामागून आठवडे तो ताण उतरत चालला असें दिसलें, तर हाड जुळत आहे. ताण जिथल्या तिथें राहिला, तर हाड थांबलें आहे, मग फोटो कसाही दिसो.

आणि थांबलेलें हाड धोक्याचें कां, तेंही यावरून कळतें. एखादी तार एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं. परंतु पुनः पुन्हां वांकविली तर तुटते. मनुष्य दिवसास ३००० पावलें चालला, तर एका पायावर १५०० वेळां भार येतो. शंभर दिवसांत दीड लाख वेळां. हाड जुळणें आणि पट्टी थकणें यांची ही शर्यत असते. बहुतेक वेळां हाड जिंकतें. आमच्या घरीं पट्टी आधीं थकली. आणि "पट्टी हत्तीचा भार पेलील" या वाक्यांत कोठें चूक होती, तें आमच्या चुलतबंधूंसही तेव्हां कळलें.

हा विचार केवळ कल्पनेंतला नाहीं. बेल्जममधील ब्रुसेल्स येथें फ्रान्झ बुर्नी या शस्त्रवैद्यांनीं १९७० च्या सुमाराच्या काळांत, हाड धरून ठेवण्यासाठीं शरीराबाहेर बसविलेल्या दांड्यांवर ताणमापक लावून हाडाच्या जुळण्याचा आलेख काढण्यास आरंभ केला. त्याच्याही आधीं, १९६६ सालीं, स्वीडनमधील नील्स रीडेल यांनीं खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत ताणमापक बसवून चालतांना त्यावर किती भार येतो तें मोजून दाखविलें. मात्र त्यासाठीं तारा कातडीबाहेर आणाव्या लागल्या. पुढें बर्लिन येथें बेर्गमान व त्यांचे सहकारी यांनीं तारा टाळल्या. बाहेर गुंडाळी धरून आंतील यंत्रास वीज पुरवावयाची व रेडिओनें मोजमाप बाहेर घ्यावयाचें, अशी त्यांची योजना. ती उत्तम चालते. परंतु गुंडाळी पायांभोंवतीं आहे तोंवरच मोजणी होते. काकू परसांत, ओटीवर, देवघरांत कशा चालतात, याची नोंद तींत कशी व्हावी?

मग आंतच बॅटरी कां ठेवूं नये, असें वाचक विचारतील. हृदयाचा ठोका राखणारें पहिलें पूर्णपणें आंत बसविलेलें यंत्र १९५८ सालीं स्वीडनमध्यें एका रोग्याच्या शरीरांत बसविलें, तेव्हांपासून बॅटरी हीच अशा साधनांची सोय आहे आणि तीच त्यांची अडचण. ती जागा खाते, संपते, आणि संपली कीं पुन्हां सुरी. हृदयाच्या यंत्रासाठीं हें सोसावें लागतें. पण कांहीं महिन्यांत बरें व्हावयाच्या हाडासाठीं कोण सोसील? २०२१ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेल्या एका कृत्रिम गुडघ्यांत पावलें व सांध्याची हालचाल मोजणारें यंत्र आहे खरें. परंतु तेंही बॅटरीवरच चालतें, आणि मोडलेलें हाड जुळलें कीं नाहीं हें सांगणें हें त्याचें काम नव्हे.

पावलांतली वीज

येथें एक जुना शोध उपयोगी पडला. १८८० सालीं पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं दाखविलें कीं, स्फटिकासारख्या कांहीं पदार्थांवर दाब दिला असतां त्यांच्या पृष्ठांवर वीज उत्पन्न होते. हा चमत्कार आमच्या भगिनी रोज दोन वेळां स्वयंपाकघरांत करीत असतात. गॅस पेटविण्याचा लायटर दाबला म्हणजे आंतील लहानसा हातोडा अशाच एका पदार्थावर आपटतो व ठिणगी पडते. त्यांत बॅटरी नसते. ठिणगी आपल्या अंगठ्याच्या जोरांतून येते. अंगठ्याच्या जोरानें ठिणगी पडते, तर पावलाच्या जोरानें पट्टीवरील संवेदक कां चालूं नये? जो ताण मोजावयाचा, त्याच ताणानें मोजणाऱ्यास अन्न द्यावयाचें, हेंच या नव्या युक्तीचें बीज आहे.

दुसरी एक वीज आहे ती घर्षणाची. हिवाळ्याच्या कोरड्या हवेंत सोंवळ्याचा रेशमी कद अंगावरून काढतांना चुरचुर आवाज होतो व केंस ताठ उभे राहतात, हा अनुभव पुष्कळांस असेल. या विजेचें जनित्र २०१२ सालीं अमेरिकेंत झोंग लिन वांग व त्यांचे सहकारी यांनीं तयार केलें, आणि अंगाच्या हालचालीवर चालणाऱ्या साधनांस तेव्हांपासून नवी दिशा मिळाली.

आश्चर्य असें कीं, हाडाच्या अंगींही हा गुण आहे. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते, हें बर्लिनचे यूलिउस वोल्फ यांनीं १८९२ सालींच मांडलें होतें. १९५७ सालीं जपानमधील फुकादा व यासुदा यांनीं सिद्ध केलें कीं, कोरड्या हाडावर दाब दिला असतां त्यांतही वीज उत्पन्न होते. जिवंत, ओल्या हाडांत आंतील द्रवाच्या वाहण्यामुळेंही विजेचे प्रवाह उठतात. भाराची बातमी पेशींपर्यंत पोहोंचविण्यांत या विजेचा वांटा किती, याविषयीं अद्याप शोध चालू आहेत.

हीं सर्व सूत्रें एकत्र गुंफणारा एक महत्त्वाचा प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या कर्त्यांत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील भारतीय वंशाचे प्राध्यापक शंतनु चक्रवर्ती हे एक होत. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडीच्या हाडाच्या प्रतिकृतीवर पट्टी बसविली, तीवर दाबानें वीज देणारा संवेदक लाविला, आणि मोडलेल्या फटींत क्रमानें अधिकाधिक ताठ पदार्थ घालून हाड जुळत असल्याचा देखावा उभा केला. संवेदकानें कोणतीही बॅटरी न घेतां ताणाचा इतिहास नोंदवून ठेविला.

नोंद ठेवण्याची त्याची रीत समजण्यासारखी आहे. लग्नांत मुहूर्तासाठीं घटिकापात्र ठेवीत, तें वाचकांनीं पाहिलें किंवा ऐकिलें असेल. बुडाच्या बारीक भोंकांतून पाणी थेंबाथेंबानें आंत शिरतें, आणि पात्रांत किती पाणी भरलें त्यावरून किती वेळ गेला तें कळतें. त्याप्रमाणें, प्रत्येक पावलाच्या विजेनें कांहीं विद्युत्कण एका बंदिस्त कोठडींत ढकलले जातात व तेथेंच अडकून राहतात. वीज नसली तरी ते बाहेर येत नाहींत. अशा कोठड्या अनेक असतात : एक केवळ जोराच्या भाराची मोजदाद करते, दुसरी मध्यम भाराची, तिसरी हलक्याची. पुढें डॉक्टरांनीं वाचून पाहावें, कीं गेल्या महिन्यांत जोराचा ताण किती वेळां आला व या महिन्यांत किती वेळां. यासाठीं लागणारी वीज इतकी थोडी, कीं ती वॅटच्या दशलक्षांश भागाहूनही कमी भरते.

इतरत्रही कामें चालूं आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील शुदोंग वांग व त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालीं उंदरांच्या मोडलेल्या नळीवर एक पातळ साधन बसविलें. तें उंदराच्याच हालचालीनें वीज उत्पन्न करून हाडास देई, आणि काम संपल्यावर शरीरांतच विरघळून जाई. त्या उंदरांचीं हाडें सुमारें सहा आठवड्यांत जुळलीं. साधन न बसविलेल्यांचीं मागें राहिलीं. आपल्याकडे पुण्याच्या आयसर संस्थेंत प्रा. बूमीशंकर यांच्या प्रयोगशाळेंत हालचालींतून वीज देणाऱ्या नव्या पदार्थांवर संशोधन झालें आहे. आणि २०२१ सालींच कोलकात्याची आयसर संस्था व खरगपूरची आय.आय.टी. येथील शास्त्रज्ञांनीं असे स्फटिक प्रसिद्ध केले, कीं ते मोडले असतां, दाबानें उठणाऱ्या स्वतःच्याच विजेच्या आकर्षणानें, क्षणार्धांत पुन्हां जुळतात. मोडून आपोआप सांधणें हा गुण केवळ जिवंत हाडाचा, असें आजवर आपण समजत होतों!

घाई करूं नये

इतकें वाचून कोणी उद्यांच डॉक्टरांकडे जाऊन अशी पट्टी मागूं लागेल, तर त्यास निराश व्हावें लागेल. स्वतःच्या विजेवर चालणारे हाडाचे संवेदक अद्याप प्रयोगशाळेंत, प्रतिकृतींवर व प्राण्यांवरच आहेत. अडचणीही खऱ्या आहेत. दाबानें सर्वांत अधिक वीज देणाऱ्या पदार्थांपैकीं एका प्रमुख पदार्थांत शिसें असतें, आणि तें शरीरांत सुटल्यास विष. म्हणून शिशाविरहित पदार्थ शोधावे लागतात. शरीरांतील खारट द्रवांत साधन महिनोन् महिने टिकलें पाहिजे. पट्टीवर कांहीं चिकटविल्यानें ती अशक्त होतां कामा नये, जंतूंस तेथें आसरा मिळतां कामा नये. प्रत्येक मोडलेलें हाड निराळें, प्रत्येकाची चाल निराळी. तेव्हां "इतका ताण उतरला म्हणजे बरें" हा आंकडा पुष्कळ रोग्यांवर पारखून ठरवावा लागेल. आणि खर्च? जी वस्तु केवळ श्रीमंतांच्या हाडास बोलकें करील व सायकलीवरून पडलेल्या मजुराच्या हाडास मुकें ठेवील, तिचें कौतुक किती करावें याचाही विचार केला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हांस बोचते. पट्टी जर दिवसाचें प्रत्येक पाऊल मोजूं लागली, तर तो हिशेब कोणी वाचावा? डॉक्टरांनीं वाचावा हें योग्यच. पण विम्याच्या कचेरीनें तो मागितला, तर? घरांतील वडील मंडळींनीं तो पाहून सुनेस विचारलें, "डॉक्टरांनीं बसावयास सांगितलें असतां तूं काल जिना कां चढलीस?", तर? तिला जिना कां चढावा लागला, हें त्या आंकड्यांत लिहिलेलें नसेल. हाडाचें पत्र ज्याचें हाड त्याच्याच नांवानें यावें, आणि त्याच्या संमतीवांचून दुसऱ्यानें फोडूं नये, एवढा नियम तरी आरंभापासून व्हावा असें आमचें मत आहे.

तोंवर आपण काय करावें? यंत्र नसलें तरी हाडास विचारण्याचे कांहीं मार्ग आजही मोकळे आहेत, आणि तेच आम्हीं त्या वेळीं वापरले नाहींत. "हलका भार" असें डॉक्टर म्हणाले, तर किती शेर भार, तें विचारावें व घरांतील वजनाच्या कांट्यावर पाय ठेवून तितका भार म्हणजे किती, हें रोग्यास समजूं द्यावें. दुखणें रोज कमी होत आहे कीं वाढत आहे, याची वहींत नोंद ठेवावी. भार दिल्यावर मोडल्या जागीं आंतून उठणारी व दिवसेंदिवस न ओसरणारी कळ हीच हाडाची भाषा होय, आणि ती "दुखायचेंच" म्हणून उडवून न देतां डॉक्टरांच्या कानीं घालावी. तंबाखू व धूम्रपान हाड जुळण्यास विलंब लावतात, मधुमेह आवरला नाहीं तर तोही लावतो. हें घरच्या पुरुषांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. आणि सण तोंडावर आला म्हणून कोणाच्या हाडास घाई करूं नये. त्याचें पंचांग निराळें असतें.

आमच्या काकू आतां काठीवांचून ओटीवर येतात. पाय थोडा आंखूड राहिला आहे. सुश्रुताच्या कसोटीस तें हाड पुरतें उतरणार नाहीं. मध्यंतरीं त्यांच्यापाशीं बसून आम्हीं त्यांस हा सर्व वृत्तांत सांगितला : पावलाची वीज, घटिकापात्र, उंदरांच्या नळ्या. त्यांनीं सर्व लक्षपूर्वक ऐकिलें. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे पुढें कोणाची काकू पडली, तर तिचें हाड यंत्रास सांगेल आणि यंत्र तुम्हांस सांगेल. छान झालें. पण माझें हाड तर मला सांगतच होतें रे, आणि मी तुला सांगत होतें."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. यंत्र येईल तेव्हां येवो, आणि तें लवकर यावें अशीच आमची इच्छा आहे. परंतु तें आल्यावरही त्याचें ऐकणारा कान घरांत असावाच लागेल. तो कान तयार ठेवण्यास मात्र कोणत्याही शोधाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.